विंडोचं बॅकग्राउंड स्वतः रंगवताना: डेस्कटॉप प्रोग्रामरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत असो, तासगावकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असो की साताऱ्यातलं कंदी पेढ्याचं दुकान, बिलिंगचा प्रोग्राम बसवून झाला की मालकाची फर्माईश येतेच: "तेवढा मागं आपल्या पेढीचा लोगो टाका की." लोगो टाकायला पाच मिनिटं पुरतात. त्यानंतर स्क्रीन लुकलुकायला लागते, लेबलांमागे राखाडी पट्ट्या उमटतात आणि दुपारपर्यंत प्रोग्राम जड होतो. सांगली-साताऱ्यात असं काम करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. भर विंडोजवर, म्हणजे विन३२ (विंडोजची मूळ फंक्शनं थेट बोलावणं) आणि डॉटनेटच्या विनफॉर्म्सवर (त्यावर बांधलेली तयार फॉर्म-बटणांची लायब्ररी) आहे. बाकीच्यांची गाठ शेवटाकडे पडेल.

बॅकग्राउंड नक्की काढतं कोण, आणि कधी?

विंडोज स्वतःहून तुमचं चित्र जपून ठेवत नाही. विंडोचा एखादा भाग नव्याने दाखवायची वेळ आली की तो भाग "खराब" म्हणून नोंदला जातो आणि सवडीने तुमच्या विंडो प्रोसिजरला, म्हणजे विंडोचे संदेश हाताळणाऱ्या फंक्शनला, पेंटचा संदेश येतो. त्यात तुम्ही बिगिनपेंट बोलावता, आणि नोंदीत पुसायचीही खूण असेल तर बिगिनपेंट आधी दुसरा एक संदेश पाठवतं, तो म्हणजे इरेझ-बॅकग्राउंड. तुम्ही तो हाताळला नाही तर डिफॉल्ट प्रोसिजर विंडो क्लासमध्ये (विंडोच्या प्रकाराच्या नोंदणीत) दिलेला ब्रश, म्हणजे भरायचा रंग, घेऊन तेवढा भाग रंगवते. क्लासचा ब्रश शून्य ठेवला असेल तर ती काहीच करत नाही, आणि आधी तिथं जे होतं त्याचे अवशेष दिसतात.

म्हणजे बॅकग्राउंड रंगवायला तीन जागा आहेत: क्लासचा ब्रश, इरेझ-बॅकग्राउंड आणि पेंट. यातली एकच निवडायची. या पानावरच्या निम्म्या तक्रारींचं मूळ एवढंच असतं, की एकाच पिक्सेलला दोघंतिघं रंग देत असतात. साधा एकरंगी फॉर्म असेल तर क्लासचा ब्रश पुरे. ग्रेडियंट, चित्र, लोगो असेल तर सगळं पेंटमध्ये आणा आणि इरेझ-बॅकग्राउंडला काहीही न रंगवता १ परत द्या. "पुसून झालं" असं विंडोजला सांगणं, एवढाच त्या १ चा अर्थ.

बटण दाबल्यावर काढलेलं चित्र विंडो लहान-मोठी केली की गायब का होतं?

कारण ते पेंटच्या बाहेर काढलं आहे. गेटडीसी (डीसी म्हणजे डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, ज्यावर चित्र काढायचं तो पृष्ठभाग) किंवा विनफॉर्म्समधलं क्रिएटग्राफिक्स वापरून काढलेलं पुढच्या रंगवणीपर्यंतच टिकतं. फसगत अशी की विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोचा पृष्ठभाग डेस्कटॉप विंडो मॅनेजर वेगळा सांभाळतो, त्यामुळे वरून दुसरी विंडो फिरवली तरी चित्र शाबूत राहतं आणि "माझ्याकडे तर चालतंय" असं वाटतं. मिनिमाइझ करून परत आणा, आकार बदला, मग खरं कळतं.

बटणात फक्त व्हेरिएबल बदला आणि इनव्हॅलिडेट करा, म्हणजे तो भाग "खराब" म्हणून नोंदवा. चित्र पेंटमध्येच काढा.

उलटी चूकही होते. पेंटचा संदेश घेतला, पण बिगिनपेंटऐवजी गेटडीसीने रंगवलं. मग तो भाग "खराब" म्हणूनच नोंदलेला राहतो, पेंटचे संदेश येतच राहतात आणि प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण अडकतो. प्रोग्राम नुसता उघडा असताना पंखा घोंघावत असेल तर आधी हे बघा.

स्क्रीन लुकलुकते. थांबवायची कशी?

आधी सारवायचं, मग रांगोळी काढायची, आणि हे दर वेळी बघणाऱ्याच्या डोळ्यांदेखत: लुकलुकण्याचं कारण हेच. पुसणं आणि काढणं या दोन पायऱ्यांच्या मधली कोरी स्थिती क्षणभर दिसते. उपाय म्हणजे दोन्ही पायऱ्या मेमरीत उरकून तयार चित्र एका फटक्यात विंडोवर उतरवायचं; यालाच डबल बफरिंग म्हणतात. विन३२ मध्ये क्रम असा:

१. इरेझ-बॅकग्राउंडला १ परत द्या.
२. पेंटमध्ये बिगिनपेंट, मग क्रिएट-कम्पॅटिबल-डीसीने मेमरी डीसी.
३. क्रिएट-कम्पॅटिबल-बिटमॅप बोलावताना विंडोचा डीसी द्या. इथं मेमरी डीसी दिला तर बिटमॅप काळा-पांढरा तयार होतो, कारण नव्या मेमरी डीसीत मुळात १×१ आकाराचा एकरंगी बिटमॅप असतो. "सगळं ब्लॅक अँड व्हाइट का दिसतंय" याचं उत्तर दहातल्या नऊ वेळा हेच.
४. बिटमॅप निवडा आणि निवडताना मिळणारा जुना बिटमॅप जपून ठेवा.
५. बॅकग्राउंड काढा, त्यावर मजकूर काढा.
६. बिटब्लिटने (पिक्सेलची नक्कल करणारं फंक्शन) विंडोवर उतरवा, तेही पेंट-स्ट्रक्चरमध्ये दिलेल्या आयतापुरतंच.
७. जुना बिटमॅप परत निवडा, मग आपला बिटमॅप डिलीट, मग डीसी डिलीट, शेवटी एंडपेंट.

व्हिस्टापासून बिगिन-बफर्ड-पेंट आणि एंड-बफर्ड-पेंट ही जोडी यातलं बरंचसं काम उचलते. नवीन कोड लिहीत असाल तर तीच वापरा.

विनफॉर्म्समध्ये फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डबलबफर्ड ट्रू करा, ऑन-पेंट-बॅकग्राउंड ओव्हरराइड करा आणि पूर्ण भाग स्वतः रंगवणार असाल तर आतून बेसचं तेच फंक्शन बोलावू नका. बोलावलंत तर तेच क्षेत्र दोनदा रंगतं. लुकलुक दिसणार नाही, पण वेळ जातोच.

आणखी एक जागा. विंडो क्लासला एचरीड्रॉ आणि व्हीरीड्रॉ हे स्टाइल दिलेले असतील तर आकार बदलताना दर टप्प्याला पूर्ण विंडो नव्याने रंगते. एकरंगी बॅकग्राउंडला ते नको, काढून टाका. ग्रेडियंट किंवा मधोमध लोगो असेल तर मात्र हवेतच, नाहीतर फक्त नव्याने उघडलेली कड रंगते आणि जुन्या लोगोच्या चिंध्या मागे राहतात. विनफॉर्म्समध्ये याच कामाला रीसाइझरीड्रॉ आहे.

डबलबफर्ड केलं तरी फॉर्म उघडताना ठिगळाठिगळाने दिसतो.

फॉर्मचं बफरिंग फक्त फॉर्मपुरतं असतं. त्यावरची टेक्स्टबॉक्स, ग्रिड, पॅनेल या स्वतंत्र विंडो आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या वेळी रंगतो. पॅनेल वापरत असाल तर त्याचा वेगळा क्लास करून त्यातही डबलबफर्ड लावा, कारण ती प्रॉपर्टी प्रोटेक्टेड असल्याने बाहेरून लावता येत नाही. क्रिएटपॅराम्समध्ये कम्पोझिटेड हा एक्स्टेंडेड स्टाइल जोडला तर फॉर्म मुलांसकट, म्हणजे त्यावरच्या सगळ्या कंट्रोलांसकट, एकदम उमटतो, पण मोठा ग्रिड असलेल्या फॉर्मवर स्क्रोलिंग जड होतं. सौद्याच्या नोंदीचा, हजार ओळींचा ग्रिड असेल तर तो मार्ग धरू नका.

लेबलामागे राखाडी चौकोन येतो. पारदर्शक कसं करायचं?

इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

विन३२ मध्ये स्टॅटिक कंट्रोल (साधं लेबल) रंगण्याआधी पालक विंडोला, म्हणजे ते ज्यावर बसलंय त्या विंडोला, कंट्रोलकलर-स्टॅटिक संदेश पाठवतं. त्यात सेट-बीके-मोड ट्रान्सपरंट करायचं आणि एक ब्रश परत द्यायचा. बहुतेक जण स्टॉकमधला पोकळ ब्रश परत देतात आणि पहिल्यांदा ते चालतंही. मग "एकूण रक्कम" बदलते आणि जुन्या आकड्यावर नवा आकडा उमटतो, ४५०० वर ४८२० चढून वाचता न येणारं गिचमिड. कारण पोकळ ब्रश काही पुसत नाही. मजकूर बदलल्यावर त्या लेबलाचा आयत पालकाच्या निर्देशांकांत बदलून घ्या आणि पालकावर इनव्हॅलिडेट करा, म्हणजे मागचं चित्र आधी परत येईल.

पण पालकाला क्लिप-चिल्ड्रन स्टाइल असेल तर पालक मुलांच्या खाली रंगवतच नाही. मग पोकळ ब्रशमागे काळं किंवा कचरा दिसतो. अशा वेळी बॅकग्राउंडच्या बिटमॅपचा पॅटर्न ब्रश एकदाच बनवा, संदेशात तो परत द्या आणि त्याआधी सेट-ब्रश-ऑर्जिनने आरंभबिंदू लेबलाच्या जागेइतका उणे सरकवा. लेबल (१२०, ८०) वर असेल तर आरंभ (-१२०, -८०). हे विसरलात तर प्रत्येक लेबलात चित्राचा डावा-वरचा कोपरा दिसेल.

चेकबॉक्स, रेडिओ बटण, ग्रुपबॉक्स हेसुद्धा कंट्रोलकलर-स्टॅटिकच पाठवतात. फक्त वाचण्यासाठी ठेवलेला एडिटही तोच पाठवतो, एडिटचा नाही. "रीड-ओन्ली केलं आणि रंग गेला" याचं कारण हे.

विनफॉर्म्समध्ये बॅककलर ट्रान्सपरंट ठेवलं की लेबल आपल्या पालकाला "माझ्या जागेपुरतं तुझं बॅकग्राउंड काढून दे" म्हणतं. खरी पारदर्शकता ती नव्हे. म्हणूनच पिक्चरबॉक्सवर ठेवलेल्या लेबलामागे पिक्चर न दिसता फॉर्मचा रंग दिसतो: डिझायनरने लेबलाचा पालक फॉर्म ठेवलेला असतो. कन्स्ट्रक्टरमध्ये लेबलाचा पेरेंट पिक्चरबॉक्स करा आणि लोकेशन त्यानुसार वजा करून द्या. टेक्स्टबॉक्सला पारदर्शक रंग चालत नाही, सरळ एक्सेप्शन येतं. डेटाग्रिडव्ह्यूच्या बॅकग्राउंडकलरलाही तेच.

खरं सांगायचं तर स्थिर मजकुरासाठी लेबल वापरायचीच गरज नसते. मथळे, पेढीचं नाव, पत्ता हे बॅकग्राउंडबरोबरच पेंटमध्ये लिहून टाका. फॉर्मवर चाळीस पारदर्शक लेबलं असली तर एका रंगवणीत पालकाचं बॅकग्राउंड चाळीस वेळा जादा काढलं जातं.

हळदीचा पिवळा दिला आणि निळा आला?

विन३२ च्या रंगसंख्येत बाइटचा क्रम उलटा आहे: खालचा बाइट लाल, मधला हिरवा, वरचा निळा. वेबवरून उचललेला हळदी रंग 'एफएफसी१०७' म्हणजे लाल २५५, हिरवा १९३, निळा ७. तो जशाच्या तसा हेक्स म्हणून ठेवला तर लाल ७, हिरवा १९३, निळा २५५ असा वाचला जातो, आणि सांगलीच्या हळदीच्या दुकानात आकाशी रंगाचा फॉर्म उघडतो. हाताने हेक्स लिहू नका, आरजीबी मॅक्रो वापरा.

याच रंगावर पांढरी अक्षरं मागणारे भेटतात. तिथं कॉन्ट्रास्ट जेमतेम १.६ येतो. साध्या मजकुराला ४.५ तरी हवा, असं वेबच्या सुलभता निकषांत धरतात, आणि तो अंदाज डेस्कटॉपलाही लागू पडतो. काळ्या अक्षरांना याच पिवळ्यावर जवळजवळ १३ मिळतो.

चित्र कसं बसवायचं: पूर्ण झाकून, अख्खं दाखवून की ताणून?

लोगो ८००×६०० चा आणि स्क्रीन १३६६×७६८ ची असं धरू. पूर्ण झाकायचं तर १.७०७५ पट करावं लागतं, म्हणजे चित्र सुमारे १३६६×१०२५ होतं आणि वरून-खालून मिळून २५७ पिक्सेल कापले जातात. अख्खा लोगो दिसायला हवा तर १.२८ पट, म्हणजे १०२४×७६८, आणि दोन्ही बाजूंना १७१ पिक्सेल मोकळे. नुसतं "स्ट्रेच" केलं तर आडवं-उभं प्रमाण बिघडतं आणि गोल शिक्का अंडाकृती होतो. लोगोला पहिला, म्हणजे कापून पूर्ण झाकायचा मार्ग कधीच नको. अजिंक्यताऱ्याचा किंवा कासच्या पठाराचा फोटो असेल तर चालतो.

खर्चाचा हिशेब बघा. फाइल ४०० केबी असली तरी मेमरीत ती उलगडते: १९२०×१०८०×४ म्हणजे ८२,९४,४०० बाइट. मोबाइलवरून आलेला ४०००×३००० चा फोटो थेट लावला तर ४.८ कोटी बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी, आणि दर रंगवणीला तो नव्याने लहान केला जाणार. म्हणून विंडोच्या आकाराची एक तयार प्रत बनवून ठेवा, डॉटनेटमध्ये ३२ बिटच्या पी-एआरजीबी स्वरूपात, आणि पेंटमध्ये तीच उतरवा. प्रत नव्याने बनवायची वेळ म्हणजे रीसाइझएंड. पण मॅक्सिमाइझ केल्यावर रीसाइझएंड येत नाही, तेव्हा विंडोस्टेट बदलली का हेही रीसाइझमध्ये बघावं लागतं.

काढताना रुंदी-उंची स्पष्ट द्या. ड्रॉइमेजला फक्त एक्स-वाय दिलं तर ते फाइलमधला डीपीआय (एका इंचातले ठिपके) मानतं, आणि ३०० डीपीआयला स्कॅन केलेला लोगो ९६ डीपीआयच्या स्क्रीनवर तिसऱ्या हिश्शाहून थोडा लहानच दिसतो.

विन३२ च्या स्ट्रेचब्लिटला आधी हाफटोन मोड लावा आणि लगेच सेट-ब्रश-ऑर्जिन बोलवा. मूळचा मोड फोटोवर काळे ठिपके पाडतो.

इमेज-फ्रॉमफाइलने उघडलेली फाइल प्रोग्राम चालू असेपर्यंत कुलूपबंद राहते. मालकाला लोगो बदलता येत नाही, आणि दोष मात्र विंडोजला मिळतो. वाचून लगेच नव्या बिटमॅपमध्ये प्रत घ्या आणि मूळ डिस्पोज करा.

देवाचा फोटो लावा म्हणतात.

लावा, पण त्याच्या अंगावर बटणं आणि ग्रिड येऊ देऊ नका. गणपतीच्या चेहऱ्यावर "डिलीट" बटण आलेलं कुणालाच आवडत नाही. मुख्य मेन्यूच्या फॉर्मवर मोकळ्या कोपऱ्यात ठेवा, नोंदीच्या फॉर्मवर साधा रंग. फोटो नेटवरून उचललेला असेल तर तो वापरायची परवानगी आहे का तेही बघा, सॉफ्टवेअर तुम्ही विकताय.

ग्रेडियंट टाकला आणि फॉर्मवर लाल फुली आली.

विनफॉर्म्समध्ये पेंटमधून एक्सेप्शन बाहेर पडलं की त्या कंट्रोलवर पांढऱ्या चौकोनात मोठी लाल फुली येते आणि फॉर्म बंद करून उघडेपर्यंत जात नाही. ग्रेडियंटच्या बाबतीत कारण बहुधा शून्य आकार. फॉर्म मिनिमाइझ झाला, स्प्लिटर पूर्ण सरकवला, की रुंदी किंवा उंची शून्य होते आणि लिनिअर-ग्रेडियंट-ब्रश अशा आयतावर एक्सेप्शन टाकतो. ब्रश बनवायच्या आधी दोन्ही मापं शून्याहून मोठी आहेत का ते तपासा, नसतील तर तिथूनच परत फिरा.

कडेला एका पिक्सेलची भलत्याच रंगाची रेघ दिसली तर रॅपमोड टाइल-फ्लिप-एक्सवाय करा.

पट्टे पडतात, ही वेगळी तक्रार. २४० ते २५५ असा फिका ग्रेडियंट १०८० पिक्सेल उंचीवर पसरला तर एकूण छटा १६ च, म्हणजे प्रत्येक छटेची सुमारे ६७ पिक्सेलची पट्टी. स्वस्त मॉनिटरवर ती ठळक दिसते. फरक वाढवा किंवा ग्रेडियंट वरच्या १०० पिक्सेलच्या पट्ट्यापुरता ठेवा. विन३२ च्या ग्रेडियंटफिलमध्ये रंग १६ बिटचे असतात. तिथं २५५ दिलं तर जवळपास काळं दिसतं, ८ बिट डावीकडे सरकवून द्या.

सकाळी चांगला चालतो, दुपारनंतर अर्धवट रंगतो.

जीडीआय (विंडोजची चित्र काढायची यंत्रणा) ऑब्जेक्टची गळती, म्हणजे बनवलेले ब्रश, बिटमॅप मोकळे न होणं. एका प्रोसेसला मुळात १०,००० ची मर्यादा आहे. ती गाठली की नवीन ब्रश, फॉन्ट, बिटमॅप बनणं थांबतं आणि फॉर्म अर्धे, काळे, बिनअक्षरांचे दिसू लागतात. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये कॉलमच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून "जीडीआय ऑब्जेक्ट्स" हा कॉलम चालू करा. फॉर्मचा आकार वीस वेळा बदला. आकडा वर जाऊन तिथंच राहिला तर गळती आहे.

ठरलेला गुन्हेगार म्हणजे कंट्रोलकलर संदेशात दर वेळी क्रिएट-सॉलिड-ब्रश. परत दिलेला ब्रश विंडोज मोकळा करत नाही. तो फॉर्म उघडताना एकदा बनवा, बंद होताना डिलीट करा. क्लासच्या नोंदणीत दिलेला ब्रश मात्र विंडोज स्वतः मोकळा करतं, त्याला हात लावू नका. दुसरा गुन्हेगार असा बिटमॅप, जो डीसीत निवडलेला असतानाच डिलीट करायला गेलो: ते डिलीट होतच नाही. डॉटनेटमध्ये पेन, ब्रश, फॉन्ट यांना यूझिंगमध्ये गुंडाळा.

मर्यादा रजिस्ट्रीतून वाढवता येते. वाढवू नका, चार वाजताची तक्रार फक्त सहा वाजता येईल.

एमडीआय फॉर्मचा रंग बदलत नाही.

हिशेबाच्या जुन्या प्रोग्रामांत एमडीआय, म्हणजे एका मोठ्या फॉर्मच्या पोटात बाकीचे फॉर्म उघडणं, अजून भरपूर आहे. मधला गडद भाग फॉर्मचा नसून त्याच्या पोटातल्या एमडीआय-क्लायंट नावाच्या वेगळ्या विंडोचा असतो. विनफॉर्म्समध्ये फॉर्मच्या कंट्रोल्सची यादी फिरून त्यातला एमडीआयक्लायंट शोधा आणि त्याचा बॅककलर बदला. विन३२ मध्ये त्या विंडोला सबक्लास करून इरेझ-बॅकग्राउंड हाताळा. लोगो मधोमध असेल तर आकार बदलल्यावर संपूर्ण क्लायंट इनव्हॅलिडेट करावा लागतो. आतला फॉर्म कडेबाहेर ओढला की क्लायंट स्क्रोल होतो आणि लोगोचे पिक्सेल सोबत घसटत जातात. तिथंही पूर्ण इनव्हॅलिडेट.

नव्या लॅपटॉपवर सगळं धूसर दिसतं.

स्केलिंग, म्हणजे सगळं ठरावीक टक्के मोठं दाखवायची विंडोजची सेटिंग. १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय, १२५ म्हणजे १२०, १५० म्हणजे १४४. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतची माहितीची फाइल) डीपीआयची जाण जाहीर केली नसेल तर विंडोज तुमचा फॉर्म ९६ ला काढून घेतं आणि फोटोसारखा मोठा करतं, त्यातून धूसरपणा येतो. जाहीर केली की तो जातो, पण जबाबदारी तुमच्यावर येते: "डावीकडून २० पिक्सेल" असं कोडमध्ये लिहिलेलं सगळं डीपीआय भागिले ९६ ने गुणायला हवं. वेगवेगळ्या स्केलिंगचे दोन मॉनिटर असतील आणि प्रत्येक मॉनिटरची वेगळी जाण जाहीर केली असेल तर विंडो एकावरून दुसऱ्यावर नेताना डीपीआय-चेंज्ड संदेश येतो. त्यात सुचवलेला आयत विंडोला लावा आणि बॅकग्राउंडची साठवलेली प्रत फेकून नवी बनवा.

मराठी मजकुराच्या वेलांट्या मागे उरतात.

अर्धवट इनव्हॅलिडेट करताना आयताची उंची इंग्रजी अक्षरांवरून धरलेली असते. 'र्की'सारख्या जोडणीत रफार आणि वेलांटी वर जातात, 'कृ' आणि 'द्रू' खाली उतरतात. आयत आखूड पडला की बॅकग्राउंड तेवढ्याच भागात परत येतं आणि वर एक तुटकी वेलांटी लोंबत राहते. उंची नेहमी प्रत्यक्ष फॉन्टच्या मोजमापातून घ्या, निर्मला यूआय किंवा मंगल जो असेल तो, आणि वर-खाली दोन-दोन पिक्सेल जादा धरा.

फोटोवर लहान देवनागरी मजकूर लिहू नका. शिरोरेषा मागच्या रेघांत हरवते आणि अनुस्वाराचा ठिपका फोटोचाच वाटतो. लिहायचंच असेल तर खाली एकसंध रंगाची पट्टी द्या. साध्या जीडीआयने ३२ बिटच्या अल्फा (पारदर्शकतेचा आकडा) असलेल्या पृष्ठभागावर मजकूर काढला की तेवढ्या पिक्सेलचा अल्फा शून्य होतो आणि पुढे मिसळताना अक्षरं भोकासारखी दिसतात. त्यामुळे आधी अपारदर्शक बॅकग्राउंड पूर्ण करा, मजकूर सगळ्यात शेवटी.

पुण्याहून रिमोटने बघताना रेंगाळतं.

रिमोट डेस्कटॉपवर एकरंगी आयत काढणं स्वस्त, अख्खा बिटमॅप पाठवणं महाग. डबल बफरिंगमध्ये दर वेळी बिटमॅपच जातो. सिस्टिमइन्फर्मेशनमधलं टर्मिनल-सर्व्हर-सेशन ट्रू असेल तर फोटो आणि ग्रेडियंट बंद करून साधा रंग द्या, आणि जमल्यास बफरिंगही. हाय कॉन्ट्रास्ट चालू असेल तेव्हाही हेच करा: स्वतःचे रंग बाजूला ठेवून सिस्टिमचे रंग घ्या.

क्यूटी, स्विंग, डब्ल्यूपीएफ, टीकेइंटर अशा बाकीच्या साधनांत?

क्यूटीत स्टाइलशीटने पालकाला नुसतं बॅकग्राउंड-इमेज दिलं की ते मुलांनाही लागतं आणि प्रत्येक बटणात चित्र उमटतं. ऑब्जेक्टच्या नावाने सिलेक्टर लिहा. क्यूविजेटपासून बनवलेल्या तुमच्या क्लासला स्टाइलशीटचं बॅकग्राउंड दिसत नसेल तर स्टाइल्ड-बॅकग्राउंड हा अ‍ॅट्रिब्यूट लावा. बॅकग्राउंड-इमेज ताणली जात नाही, बॉर्डर-इमेज ताणली जाते. पेंटइव्हेंटच्या बाहेर विजेटवर क्यूपेंटर उघडू नका.

स्विंगमध्ये जेपॅनेलचं पेंटकम्पोनंट ओव्हरराइड करा, पहिली ओळ सुपरची. चित्र कन्स्ट्रक्टरमध्ये वाचा, पेंटकम्पोनंटमध्ये नव्हे. टेबलामागे चित्र हवं तर टेबल, व्ह्यूपोर्ट आणि स्क्रोलपेन तिघांनाही ओपेक फॉल्स करावं लागतं, सेल रेंडररलाही.

डब्ल्यूपीएफमध्ये इमेजब्रश बहुतेक सगळं करतो, मोठ्या फोटोला डीकोड-पिक्सेल-विड्थ द्या. बॅकग्राउंड नल ठेवलं तर माउसचे क्लिक त्या भागात लागत नाहीत, ट्रान्सपरंट ठेवलं तर लागतात.

टीकेइंटरमध्ये फोटोइमेज फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवली की फंक्शन संपताच ती जाते आणि विंडो कोरी दिसते. सेल्फवर ठेवा. लेबल तिथं पारदर्शक होत नाही, कॅनव्हासवर क्रिएट-टेक्स्ट वापरा.

ग्राहकाकडे बसवण्याआधी काय तपासायचं?

पुसणं आणि काढणं यांच्या मध्ये २०० मिलिसेकंदांचा स्लीप तात्पुरता टाका. दुहेरी रंगवणी होत असेल तर ती संथपणे डोळ्यांना दिसते. विन३२ मध्ये सोबत जीडीआय-सेट-बॅच-लिमिट १ करा, म्हणजे प्रत्येक क्रिया लगेच उमटेल. मग फॉर्म हळूहळू लहान-मोठा करा, मिनिमाइझ करून आणा, १२५ टक्क्यांवर बघा, डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंटस्क्रीन एकत्र दाबून हाय कॉन्ट्रास्टमध्ये बघा, जीडीआयचा आकडा बघा. जुन्या मशीनवर विंडोज ७ असेल आणि एअरो (म्हणजे वर सांगितलेला डेस्कटॉप विंडो मॅनेजर) बंद असेल तर तिथंच एकदा चालवा, कारण नव्या विंडोजवर झाकलेल्या चुका तिथं उघड्या पडतात. स्लीप काढायला विसरू नका.

हे बॅकग्राउंड शेतकऱ्याच्या पट्टीच्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाच्या) प्रिंटमध्ये येईल का?

नाही. प्रिंटरचा डीसी वेगळा असतो, त्यावर तुम्ही काढाल तेवढंच छापलं जातं. फॉर्मचाच फोटो काढून तो छापत असाल तरच येईल, आणि मग हळदी रंगाच्या पानाला शाई किती लागते ते मालक स्वतःच सांगेल.